भाद्रपदात पुढची खोली सोडायची

घरमालकाला पहिल्याच भेटीत सगळं सांगून टाकायची मला खोड आहे. पाणी कधी येतं, गाडी कुठे लावायची, हे विचारायच्या आधी मी सांगतो की आमच्या घरात आजारी माणूस आहे. वडील खोकतात, रात्री जास्त खोकतात. शेजारी उभी राहून बायको माझ्या कोपरात बोट खुपसत असते. मला ते कळतं, पण थांबता येत नाही. पुढे कधीतरी त्यांना समजलं आणि आपल्याला फसवलं असं वाटलं तर, या धास्तीनं मी आधीच सगळं ओतून मोकळा होतो. बायको म्हणते, "तुम्ही दारावर आपटलात तरी दाराची माफी मागाल."

या खोडीपायी बदलापूर-अंबरनाथमधली बरीच घरं आमच्या हातून गेली. अंबरनाथला एका निवृत्त गृहस्थांचा तळमजल्याचा फ्लॅट होता. पुढे बदामाचं झाड, मागे गॅलरी. त्यांनी चहा दिला, वडिलांची चौकशी केली, आणि मग चष्मा पुसत म्हणाले, "आमच्या घरात देवाचं बरंच असतं हो. म्हणजे, उद्या काही झालं तर..." पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. कुणीच पुरं करत नाही. आजारी म्हाताऱ्याला घर देताना मालक जे बोलत नाहीत ते असं असतं, की तुमचे वडील इथे मरणार का? आमच्या घरातून तिरडी निघणार का? बाहेर पडल्यावर एजंट माझ्यावर वैतागला. "सर, आप इतना खुल के मत बोला करो. पहले चाबी लो, फिर बोलो."

पण चावी घेऊन मग बोलणं मला जमलं नाही.

वडील उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये, जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्टर होते. आमच्या बराकीतल्या दोन खोल्या आणि त्यांचा कारखाना यांच्यामध्ये एक गल्ली होती, आणि त्या गल्लीत दिवसभर निळा भुसा उडायचा. दोरीवर वाळत घातलेला माझा शाळेचा पांढरा शर्ट संध्याकाळपर्यंत फिकट निळा व्हायचा. तोच भुसा वडिलांच्या छातीत साठत गेला. काम सुटलं तरी ते रोज सकाळी कारखान्याच्या पायरीवर जाऊन बसत. सिंधी शेठ त्यांना चहा पाजायचे, नव्या पोरांचं कटिंग दाखवायचे, म्हणायचे, "मास्टर, आप बैठो. आप बैठते हो तो ये लोग सीधा काटता है." डॉक्टरांनी सांगितलं, यांना इथून हलवा, मोकळी हवा पाहिजे. वडील म्हणाले, "मला इथे काय त्रास आहे?" हे एवढं वाक्य बोलताना ते दोनदा थांबले.

मी त्यांना हलवायचं ठरवलं. मोकळी हवा द्यायची म्हणून मी त्यांची पायरी, त्यांचा चहा, त्यांची माणसं काढून घेतली. हे बरोबर केलं की चूक, यावर मी पुष्कळ झोप घालवली आहे. अजूनही अधूनमधून घालवतो.

बदलापूरजवळच्या खरवई गावातलं घर मिळालं ते कुणा एजंटामुळे नाही. मी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये आहे. तिथे जांभूळ गावाहून माल घेऊन येणाऱ्या एका ड्रायव्हरनं सांगितलं, खरवईत एका म्हातारीचं जुनं घर रिकामं आहे, जाऊन बघा. रविवारी आम्ही स्कूटरवरून गेलो. रस्त्याच्या एका अंगाला नवे टॉवर, त्यांच्यावर हिरवी जाळी. दुसऱ्या अंगाला भाताची खाचरं, आणि खाचरांच्या पलीकडे गावाचा ओढा. शेजारी शेजारी दोन घरं होती. एक नवं, स्लॅबचं, गुलाबी रंगाचं. दुसरं जुनं, कौलारू, पुढे लांब ओटा. ओट्यावर घरमालकीण सुकट निवडत बसली होती. हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण, आणि समोर बसलेल्या मांजरावर एक डोळा.

मी उभ्या उभ्याच सुरू झालो. वडील, छाती, खोकला, डॉक्टर. बायकोनं या वेळी बोटही लावलं नाही. बहुतेक तिनं आशा सोडली होती.

म्हातारीनं सुकटीतला खडा काढून टाकला. "खोकतो तं खोकू दे. घरात मानूस हाय, त्ये कलतं तरी. तीन म्हयने झाले, ह्या घरातून आवाज नाय."

"पण मावशी, त्यांची तब्येत... म्हणजे पुढे काही..."

"पुढचा पुढं. तुमी आधी माजा ऐका. माजी एकच अट हाय. भादव्यात पुढची खोली सोडायची."

मला कळेना. तिनं आम्हाला आत नेलं. पुढची खोली घरातली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात चांगली होती. पूर्वेला खिडकी, खिडकीतून थेट खाचरं. मधल्या भिंतीत एक रुंद कोनाडा होता, त्याला बाहेरून चुन्याची पट्टी काढलेली. मुलानं नवं घर बांधलं, टाइल्स घातल्या, देवघर केलं. पण गणपती इथेच बसतो. तिच्या सासऱ्याच्या आधीपासून याच कोनाड्यापुढे बसतो, आणि गणपतीची जागा बदलत नाहीत. त्यामुळे भाडोत्री कुणीही असो, गौरी-गणपतीचे दिवस पुढची खोली देवाची. भाडोत्र्यानं मागच्या दोन खोल्यांत भागवायचं.

"आधीचे ऱ्हायला होते ते गावाला जायचे," ती म्हणाली. "तुमी कुठं जाल?"

"आम्हाला गाव नाही राहिलं, मावशी."

"मंग काय, आमचा गनपती तुमाला फुकट."

अकरा महिन्यांचा करार झाला, तेव्हा ही अट कागदावर घालायची का, असं मी विचारलं. तिचा मुलगा हसला. तो माझ्याच वयाचा, जांभूळच्या पाणी केंद्रावर कामाला. "साहेब, गणपतीला वकील लागत नाय."

वडील पहिले काही दिवस ओट्यावर गप्प बसून असायचे. बोलायला कुणी नाही, रस्त्यावर ओळखीचं माणूस नाही. मी संध्याकाळी कामावरून आलो की आधी त्यांचा चेहरा वाचायचो आणि मग हेल्मेट काढायचो. मग श्रावणात एके दिवशी आलो तर मावशी आणि वडील कोनाड्यासमोर उभे. वडील दोरीनं भिंत मोजत होते.

"मूर्ती किती उंच?" त्यांनी विचारलं.

मावशीनं हात कमरेच्या थोडा वर धरला. "एवडी. पन मुलगा दर साली वाडवतोय. पुडच्या साली दारातून शिरनार नाय."

वडिलांनी कॅम्प दोनला फोन लावला. शेठनी टेम्पोबरोबर कापड पाठवलं, केशरी आणि हिरवं, आणि वर आठवणीनं पापडाचं पाकीट. वडील जमिनीवर मांडी घालून बसले. त्यांची ती मोठी कात्री आम्ही सामानात आणली होती; ती मी मुद्दाम आणली होती की चुकून आली, हे मला आठवत नाही. त्यांनी कोनाड्यामागे लावायचा पडदा कापला, त्याला चुण्या घातल्या, खाली झालर लावली. शिलाई मावशीच्या सुनेच्या मशीनवर. खोकल्याची उबळ आली की कात्री थांबायची, ओसरली की पुन्हा चालायची. मावशी दारात येऊन बघून जायची. "मास्तर, ह्यो तर तुमी देवाचा लगीन लावताय."

त्या वर्षीचे गणपतीचे दिवस मला फार आवडले. आम्ही मागच्या खोलीत दाटीवाटीनं राहिलो. अंगावर अंग, भांड्यांवर कपडे. पुढच्या खोलीत सगळी भावकी येऊन गेली. आरत्या, नाच, गौरीच्या दिवशी पंगती. वडिलांना दाराजवळ खुर्ची दिली होती. आल्या-गेल्याला ते "या, बसा" म्हणत, आणि दमायचे तेव्हा नुसता हात करत. मावशीच्या माहेरच्या कुणी कुणी त्यांना घरातलाच वडीलधारा समजून वाकून नमस्कार केला, आणि त्यांचं बघून भावकीतल्या एका म्हाताऱ्यानंही केला. वडिलांनी तो घेतला, डोक्यावर हात ठेवला, आशीर्वाद दिला. मावशी स्वयंपाकघरातून ओरडली, "बघा, भाडोत्री पाया पडून घेतोय."

"ताई, भाडं देतो आम्ही," वडील म्हणाले. इतकं हसले की मग बराच वेळ खोकत राहिले.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत ते अंथरुणाला खिळले. मागच्या खोलीची भिंत ओलीनं काळी पडलेली, तिथे स्वयंपाकाचा धूर येतो. म्हणून पलंग पुढच्या खोलीत खिडकीशी लावला. शेजारी ऑक्सिजनचं मशीन, त्याची सतत घरघर. लावणी झाली तेव्हा खाचरांत वाकलेल्या बायका त्यांना पलंगावरून दिसायच्या. त्या जागी त्यांना बरं वाटायचं हे उघड होतं. तिथे श्वास तरी शांत व्हायचा. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, आता आठवड्यांचा प्रश्न आहे. घरी ठेवा, खायला मागतील ते द्या.

मी घरी आलो आणि सगळ्यात आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. भाद्रपद कधी लागतो ते. याची मला लाज वाटते. वडील जाणार हे नुकतंच कानावर पडलं होतं, आणि मी पुढच्या खोलीचा विचार करत होतो.

मावशी काही बोलली नाही. तिचा मुलगा बोलला. मी स्कूटर लावत होतो तेव्हा तो कुंपणाशी येऊन उभा राहिला. तो वाईट माणूस नाही. वडिलांना रात्री दवाखान्यात न्यावं लागलं होतं तेव्हा गाडी त्यानंच काढली होती.

"साहेब, बाबा कसे हायेत?"

"तसेच."

"हां." त्यानं कुंपणाच्या तारेला बोट गुंडाळलं. "टेन्शन नका घेऊ, पण गणपतीचं कसं करायचं ते जरा... म्हणजे भावकी येनार. लोक बोलतात. देव बसलेला असला आणि मध्येच काय... तुम्ही समजून घ्या."

"मी समजतो," मी म्हणालो. आणि खरंच समजलो. त्या क्षणी मला त्याचा दोष वाटला नाही, माझाच वाटला. इतकी चांगली माणसं, आणि आम्ही त्यांच्या देवाच्या जागेवर मरण घेऊन येऊन बसलो आहोत.

मग मी जे केलं ते कुणालाही न विचारता केलं. कामावरच्या एका सहकाऱ्याच्या मेव्हण्याचा अंबरनाथला फ्लॅट रिकामा होता, रंगकाम व्हायचं राहिलेलं. त्यानं महिनाभरासाठी द्यायचं कबूल केलं. खिडकी होती, पण समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. मी रुग्णवाहिका सांगितली. मशीन कसं न्यायचं ते विचारून ठेवलं. सगळं ठरल्यावर बायकोला सांगितलं. ती कांदा चिरत होती. सुरी खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

"मावशींना विचारलंत?"

"त्यांना अडचणीत टाकायचं नाही म्हणून तर हे सगळं केलं."

"आणि बाबांना?"

मी रुग्णवाहिकेच्या नंबराचा कागद खिशात घातला.

"कुणाला द्यायचं असलं की तुम्ही पुढे," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, म्हणून जास्त लागलं. "कुणी आपल्याला दिलं की पळता. घेताच येत नाही तुम्हाला. ते बिचारे काही बोलायच्या आधी तुम्ही सामान बांधून तयार."

मी मावशीकडे गेलो. ती नव्या घराच्या पडवीत बसून गौरीचे मुखवटे चिंचेनं घासत होती. मी तयारी करून गेलो होतो. तुमचे उपकार आहेत, तुमच्या सणाला आमच्यामुळे विघ्न नको, महिन्याभराची तर गोष्ट आहे, परवा गाडी येईल, तोपर्यंत सांभाळून घ्या. सगळं ओळीनं बोललो. तिनं हातातला मुखवटा पाण्यात बुचकळून काढला, पदरानं पुसला, उजेडात धरून बघितला.

"गाडी सांगितलीस?" इतकी वर्षं... नाही, वर्षं कसली, आमची ओळखच वर्ष-दीड वर्षाची. पण तोवर ती मला 'तुमी' म्हणायची. त्या दिवशी 'तू'वर आली.

"हो."

"मास्तराला इचारलास?"

"त्यांना काय विचारणार, मावशी. त्यांना बोलवत नाही."

"मान तं हलते ना?" ती उठली. ओल्या हातानंच निघाली, मी मागून. पुढच्या खोलीत गेल्यावर ती पलंगाच्या कडेला टेकली आणि मोठ्यानं म्हणाली, "मास्तर, तुमचा पोरगा तुमाला आंबरनाथला नेतोय. जाता काय?"

वडिलांनी नाकावरची नळी थोडी सरकवली. माझ्याकडे बघितलं नाही, खिडकीकडे बघितलं. मग थांबत थांबत म्हणाले, "हलवू नको रे आता. एकदा हलवलंस."

एवढंच. त्यात राग नव्हता. पण ज्या वाक्याची मी कॅम्प दोन सोडल्यापासून वाट बघत होतो, भीत होतो, ते हेच होतं. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. मावशीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि ते बरं केलं.

आवाज ऐकून तिचा मुलगा आत आला होता. "आये, जाऊ दे ना त्यांना. साहेबांनी सगळी सोय केली हाय. उद्या देव बसल्यावर काय झाला तर?"

"काय झाला तर म्हंजे? सरल बोल की. मास्तर गेला तर."

मुलानं चटकन पलंगाकडे बघितलं. वडील ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर मला चक्क गंमत दिसली.

"गेला तर देव उचलू, वढ्यावर पोचवू. मंग मास्तराला पोचवू," मावशी म्हणाली. "वाट तीच हाय दोघांची. सुतक त्यांना, आपल्याला कसला? आडनाव येगला."

"पन घर तर आपला हाय ना."

"घर आपला हाय म्हनूनच बोलते. तुजा बाप कुठं गेला? ह्या खोलीत. तुजा आजा कुठं गेला? तू कुठं झालास? त्या खिडकीखाली. दवाखान्यात जायला वेल नवता. दर साली देव बसतोच ना हितं? त्याला काय नवीन हाय ह्यात?"

मुलगा कोनाड्याकडे बघत उभा राहिला. मग डोकं खाजवून म्हणाला, "मग पलंग कुठं सरकवायचा ते तरी सांग. मखर मोठा केलाय मी या साली."

"तुला कोनी सांगितलेला मोठा करायला?"

त्यानं आणि मी मिळून पलंग सरकवला. वडिलांना त्यावरच ठेवून, इंचाइंचानं. खिडकी सुटू द्यायची नव्हती आणि कोनाडाही मोकळा राहायला हवा होता. शेवटी मखर एका बाजूला अर्धं आत घ्यावं लागलं, आणि वडिलांनी कापलेला पडदा रुंदीला जास्त झाला. कापायचा का, असं सुनेनं विचारलं. वडिलांनी मान हलवली, नाही. बोटानं दाखवलं, दुमड. मग त्याची एक कड आत दुमडून टाचण्या लावल्या.

रुग्णवाहिकेवाल्याला फोन करून मी नको म्हणून सांगितलं, आणि सवयीनं पुन्हा पुन्हा सॉरी म्हणालो. तो म्हणाला, "अरे साहब, पेशंट घर पे है तो अच्छा है ना. सॉरी किस बात का?"

गणपती बसला. ऑक्सिजनच्या मशीनजवळ ज्योत चालत नाही, म्हणून समई खोलीच्या दुसऱ्या टोकाला, आतल्या दाराशी. धूप नाही, उदबत्ती नाही. आरतीचा कापूर ओट्यावर पेटवायचा आणि तिथूनच देवाला ओवाळायचा. भावकीतला एक म्हातारा, मावशीचा चुलत दीर, दारातच अडखळला. पलंग बघितला, मशीन बघितलं. "वयनी, देवाच्या खोलीत ह्ये काय?"

"पाहुना हाय," मावशी म्हणाली. "मागल्या साली तू पाया पडलेलास त्याच्या. आता पन पड."

"धूप बी नाय लावला?"

"देवाला धूर पायजेच, असा तुला येऊन बोलला काय तो?"

म्हातारा आत आला. देवाला नमस्कार केला, आणि मग, कसं वागावं हे न कळून, वडिलांनाही केला. वडिलांनी पांघरुणातून हात बाहेर काढला आणि उंचावला. आशीर्वाद की "या, बसा", ते सांगता येणार नाही.

त्या दिवसांत मला कुणी काही करू दिलं नाही. बायकोला मोदकांच्या घाण्यात ओढून नेलं. मला खुर्ची देऊन पलंगाशी बसवलं. माझ्या ताटात वाढलं. मी उठायला लागलो की मावशीचा मुलगा खांद्यावर हात ठेवून खाली बसवायचा, "बसा साहेब, तुम्ही बाबांकडे बघा." मी बसलो. घेत राहणं किती अवघड असतं ते मला तेव्हा समजलं, आणि हेही, की सवय झाली की ते जमतं. विसर्जनाला निघताना त्यांनी मूर्ती थेट दाराबाहेर नेली नाही. आधी पलंगाजवळ आणली, थोडी वाकवली. वडिलांच्या हातात मावशीनं अक्षता दिल्या. त्यातल्या अर्ध्या पांघरुणावरच सांडल्या.

वडील त्यानंतर भात पिवळं होईपर्यंत होते. गेले ते दुपारी, खिडकीत कापणीच्या बायकांचा आवाज असताना. मी शेजारी होतो. मावशीच्या मुलानं फोन केले, बांबू आणवले. तिरडी त्याच ओट्यावर बांधली जिथे मावशी सुकट निवडत बसते. खांदा द्यायला भावकी आली. तो चुलत दीरही आला. कॅम्प दोनहून शेठ रिक्षा करून आले. बराच वेळ पुढच्या खोलीत बसले, खिडकीतून बाहेर बघत. "मास्टर ने जगह अच्छा पकड़ा, साईं," ते मला म्हणाले. मी म्हणालो, त्यांनी नाही, मी. पहिल्यांदाच हे बोलताना मला अपराधी वाटलं नाही.

त्या खोलीत जमिनीवर दिवा ठेवला. तो विझू नये म्हणून मावशी दुपारी येऊन बसायची, बायकोला थोडं पडता यावं म्हणून. करार पुन्हा संपला तेव्हा मावशीच्या मुलानं नवा करून आणला. मी वाचायला घेतला तर म्हणाला, "वाचताय काय, तेच हाय."

यंदाच्या भाद्रपदात आमचं वर्ष संपलेलं नव्हतं. आम्ही दसरा केला नाही, दिवाळीत कंदील लावला नाही. श्रावण सरत आला तशी ती जुनी धास्ती पुन्हा आली. मी पुन्हा पडवीत जाऊन उभा राहिलो. "मावशी, आमचं अजून वर्ष आहे. घरात मयत झालेलं. आम्ही त्या दिवसांत कुठे बाहेर जाऊन राहतो, म्हणजे तुम्हाला..."

"गाडी सांगितलीस काय?"

"नाही."

"मग शिकलास थोडा." ती मुखवटे घासतच होती. "तुमचा सन नाय. आमचा हाय. तुमी गोड करू नका, आमी करू. तू खोली मोकली कर आन् गप बस."

खोली मोकळी करायला फार काही नव्हतं. पलंग केव्हाच मागे गेला होता, मशीन परत केलं होतं. मावशीनं वडिलांचा पडदा झटकून, टाचण्यांसकट तिच्या कपाटात ठेवला होता. मुलगा शिडीवर चढला, मी खालून पडदा धरला. मखर या वर्षी पुन्हा भिंतीच्या मध्यावर आलं होतं, तेव्हा दुमडलेली कड उलगडायची होती. टाचण्या निघाल्या, कापड सुटलं, अगदी भिंतभर पुरलं. घडीची रेघ मात्र तशीच राहिली. इस्त्री फिरवून बघितली, गेली नाही.

"राहू दे," शिडीवरून तो म्हणाला. "मखर आला की दिसनार नाय."

ती दिसते. मी मागच्या खोलीच्या दारात उभा होतो तिथून नीट दिसत होती, गणपतीच्या उजव्या खांद्यामागे, सरळ. आमच्यासाठी सण नव्हता म्हणून मी पुढे येत नव्हतो. या वर्षी धूप लावला होता, कापूर आत पेटवला होता. आरती संपून लोक पांगले, सगळ्या बायका आत वाढायला गेल्या, मुलगा प्रसाद घेऊन शेजारी गेला. ओट्यावर चपला वाजल्या. कुणीतरी दारात येऊन थांबलं. मावशीच्या माहेरचं असावं, हातात नारळ, सोबत लहान मुलगी. ते कोनाड्याकडे बघत होते, खोलीत कुणीच नाही हे बघत होते. दाराजवळची खुर्ची रिकामी होती.

आतून मावशीनं मला हाक मारली. "भाऊ, दारात कोन आलाय बघ."

मी खोली ओलांडून दारापर्यंत गेलो.

"या," मी म्हणालो. "बसा."